चित्रकाराचा हात आणि कॅमेऱ्याचा डोळा : पिकासोवरचा एक माहितीपट इतिहासाचे साधन म्हणून कसा वाचावा? (धागा)

१/
चित्र पूर्ण झाले की ते कसे घडले याचा पुरावा ते स्वतःच झाकून टाकते. शेवटचा रंगलेप आधीच्या लेपांवर बसतो, पुसलेली रेघ पुन्हा दिसत नाही, बदललेला बेत कुठे नोंदलेला नसतो. १९५५ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील नीस शहरात एका दिग्दर्शकाने हा नाहीसा होणारा पुरावा फिल्मवर पकडण्याचा घाट घातला. आजचा धागा त्या माहितीपटाविषयी आहे, आणि तो इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसा पाहावा याविषयीही.

२/
माहितीपटाचे नाव 'ल मिस्तेर पिकासो', म्हणजे 'पिकासोचे रहस्य'. दिग्दर्शक आँरी-जॉर्ज क्लूझो. हा मूळचा रहस्यपटांचा माणूस. 'द वेजेस ऑफ फिअर' (१९५३) आणि 'डायबोलिक' (१९५५) या चित्रपटांनी प्रेक्षकांचा श्वास रोखून धरण्यात त्याचा हातखंडा असल्याचे सिद्ध झाले होते. चित्रीकरणाच्या वेळी पिकासो ७३ वर्षांचा होता. १९५६ च्या कान महोत्सवात या माहितीपटाला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

३/
आरंभी क्लूझोचा आवाज एक प्रतिज्ञा मांडतो. कवी कविता लिहिताना किंवा संगीतकार रचना करताना त्याच्या मनात काय चालले होते, हे आपल्याला कधीच कळणार नाही. चित्रकाराच्या बाबतीत मात्र ते शक्य आहे. त्याच्या हाताचा माग काढला की त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते कळते, असे त्याचे म्हणणे. हात म्हणजे मनाची नोंद! हे विधान खरे मानायचे का, हाच या धाग्याचा प्रश्न.

४/
मराठी इतिहासप्रेमींना हा प्रश्न परका वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. बखर रसाळ असते, पण ती ऐकणाऱ्यासाठी रचलेली असते. अस्सल पत्र रूक्ष असते, पण ते कामाच्या ओघात लिहिलेले असते. मग चित्रकाराच्या निर्मितीप्रक्रियेवरचा माहितीपट हे दप्तर मानायचे की बखर?

५/
आधी थोडी पार्श्वभूमी. कलावंतांनी शतकानुशतके आपली प्रक्रिया दाखवण्यापेक्षा लपवण्याचीच काळजी अधिक घेतली. मायकेलअँजेलोने मृत्यूपूर्वी आपली पुष्कळ रेखाटने जाळून टाकली, असे त्याचा चरित्रकार वसारी सांगतो. कारणही तोच देतो: आपण घेतलेले कष्ट कोणाला दिसू नयेत, आपली कला परिपूर्णच दिसावी. प्रतिभा अनायास असते ही समजूत टिकवायची, तर खटाटोप दृष्टीआड ठेवावाच लागतो.

६/
चित्रपटाचा शोध लागल्यावर हे बदलू लागले. १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, साशा गित्री याने 'सु द शे नू' ('आपल्याकडची माणसे') हा मूकपट केला. फ्रान्सच्या थोर कलावंतांना जिवंतपणी टिपून ठेवणे हा हेतू. त्यात बागेत चित्र रंगवणारा मोने आहे, आणि संधिवाताने बोटे वाकडी झालेला वृद्ध रन्वारही आहे. शेजारी त्याचा किशोरवयीन मुलगा क्लोद मदतीला उभा आहे. हे दृश्य लक्षात ठेवा. रन्वार घराणे पुढे पुन्हा भेटणार आहे.

७/
गित्रीचा कॅमेरा माणूस पाहत होता. हाताचे निरीक्षण करणारा कॅमेरा आला १९४६ मध्ये. फ्रांस्वा कांपो याने आन्री मातिसवर माहितीपट केला आणि त्याच्या हाताच्या हालचाली मंदगतीने दाखवल्या. एरवी क्षणात उमटणारी रेघ पडद्यावर संथपणे अवतरली. कुंचला हवेत थबकतो, कागदाकडे झुकतो, मागे सरतो, पुन्हा घुटमळतो आणि मग एकदाचा टेकतो.

८/
हे पाहून मातिस स्वतःच अस्वस्थ झाला. आपला हात इतका घुटमळतो हे त्याला ठाऊक नव्हते. जणू कोणी आपल्याला उघडे पाडले, असे त्याला वाटले. तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँटी याने १९५२ मध्ये या प्रसंगावर मार्मिक भाष्य केले. मंदगतीमुळे असा भास होतो की, चित्रकाराने असंख्य शक्यता तोलून एक रेघ निवडली. प्रत्यक्षात मातिसने माणसाच्या गतीने, एका सहज हालचालीत तो प्रश्न सोडवला होता.

९/
येथेच साधनचिकित्सेचा पहिला धडा मिळतो. कॅमेरा खोटे बोललेला नाही. हात खरोखरच थबकला होता. तरीही त्या थबकण्याला 'संकोच' किंवा 'निवड' असे नाव आपण दिले, आणि ते देण्यास आपल्याला मंदगतीने भाग पाडले. साधनात नोंदलेली घटना एक, आणि साधनाच्या रूपामुळे तिला चिकटलेला अर्थ दुसरा. जुने कागद वाचतानाही आपण हीच गल्लत करतो.

१०/
आता पिकासोकडे वळू. या प्रयोगाचे श्रेय एकट्या क्लूझोला देता येत नाही, कारण कल्पना पिकासोच्या मनात वीस वर्षे घोळत होती. १९३५ मध्ये 'काये दार' या नियतकालिकाचा संपादक क्रिस्तियाँ झेर्वोस याच्याशी बोलताना त्याने म्हटले होते की, चित्राच्या अंतिम रूपापेक्षा त्याच्या स्थित्यंतरांची छायाचित्रे टिपली तर मोठे उद्बोधक ठरेल. मेंदू कोणत्या वाटेने जातो हे कदाचित त्यातून उलगडेल.

११/
दोनच वर्षांत तशी संधी आली. १९३७ च्या मे-जून महिन्यांत पॅरिसमधील कार्यशाळेत 'गेर्निका' रंगवले जात असताना डोरा मार हिने त्याच्या निरनिराळ्या अवस्थांची छायाचित्रे घेतली. जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद अशा त्या कॅनव्हासवर प्रारंभी उभारलेली एक वळलेली मूठ होती. ती पुढे नाहीशी झाली. आज त्या मुठीबद्दल आपण बोलू शकतो, ते केवळ डोरा मारच्या छायाचित्रांमुळे.

१२/
१९४९ मध्ये छायाचित्रकार जॉन मिली याने 'लाइफ' मासिकासाठी पिकासोला अंधाऱ्या खोलीत हातात छोटा दिवा देऊन हवेत रेखाटने करायला लावले. कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवल्याने प्रकाशाची रेघ फिल्मवर उमटली. प्रत्यक्ष खोलीत मात्र काहीच उरले नाही. याच सुमारास बेल्जियन दिग्दर्शक पॉल हेसार्ट्स याने काचेवर चित्र काढणाऱ्या पिकासोला काचेच्या पलीकडून टिपले.

१३/
हेसार्ट्सच्या माहितीपटात काचेआडून पिकासोचा चेहरा दिसत राहतो. प्रेक्षकाचे लक्ष साहजिकच त्या प्रसिद्ध डोळ्यांकडे जाते आणि रेघ मागे पडते. क्लूझोने नेमका हाच अडसर दूर केला: चित्रकारालाच चौकटीतून वगळले. पडद्यावर फक्त कागद, आणि त्या कागदावर आपोआप उमटत जाणाऱ्या रेषा. हात नाही, कुंचला नाही, माणूस नाही.

१४/
हे साधले कसे? पिकासोने विशिष्ट अर्धपारदर्शक पृष्ठभागावर अशा शाईने काढायचे, की ती मागच्या बाजूला तत्काळ पाझरेल पण पसरणार नाही. कॅमेरा मागे. त्यामुळे रेषा दिसते, काढणारा दिसत नाही. हे काम नीसच्या व्हिक्टोरीन स्टुडिओत झाले. कॅमेऱ्यामागे होता क्लोद रन्वार. तो १९१५ च्या मूकपटातील वृद्ध चित्रकाराचा नातू, आणि चुलत्याचाच नामबंधू. आजोबांचा हात कॅमेऱ्याने टिपला होता; नातू दुसऱ्या चित्रकाराची रेघ टिपत होता.

१५/
परिणाम विलक्षण आहे. आरंभी केवळ शाईच्या टोकाची करकर ऐकू येते. पुढे ज्यॉर्ज ओरिकचे संगीत येते. एक रेघ उमटते, आपण मनात म्हणतो 'ही पाठ असावी', आणि दुसऱ्याच क्षणी ती घोड्याची मान ठरते. प्रत्येक रेघेगणिक आपला अंदाज चुकतो. पाऊण-एक तास उलटला तरी उत्कंठा ओसरत नाही. रहस्यपट करणाऱ्या दिग्दर्शकानेच हा माहितीपट का केला, याचे उत्तर येथे मिळते.

१६/
सर्वांत गाजलेला प्रसंग पाहू. क्लूझो पिकासोला बजावतो की, फिल्म संपत आली आहे, जेमतेम पाच मिनिटांपुरती उरली आहे. उघड्या अंगाने, अर्ध्या चड्डीत बसलेला पिकासो तयारी दाखवतो आणि काढू लागतो. प्रथम पुष्पगुच्छ. मग त्या फुलांचा मासा होतो. माशाची कोंबडी होते. शेवटी कोंबडी एका चेहऱ्यात विरून जाते. मधूनमधून उरलेल्या फिल्मची आठवण करून दिली जाते. फिल्म संपते, चित्रही संपते.

१७/
प्रेक्षक म्हणून टाळी वाजवावी असाच हा क्षण. पण साधन म्हणून पाहताना एक साधा प्रश्न विचारा. पडद्यावर कधी चित्र दिसते, कधी पिकासो, कधी काळजीत पडलेला क्लूझो. चित्राच्या मागचा कॅमेरा तर चित्राकडे रोखलेला आहे. मग ही माणसे टिपणारा दुसरा कॅमेरा कोणाचा? त्याची फिल्म संपत नाही का? म्हणजे ही घालमेल एक तर दोन कॅमेऱ्यांनी योजून टिपली आहे, किंवा वेगवेगळ्या वेळी टिपून संकलनात जुळवली आहे.

१८/
याचा अर्थ पिकासोने चित्र खोटे काढले असा नाही. फूल, मासा, कोंबडी आणि चेहरा ही मालिका त्याच्याच हातची. पण 'आता वेळ संपणार' हा ताण दिग्दर्शकाने निर्माण केला, आणि चित्राने त्या ताणाला प्रतिसाद दिला. एकट्याने, बंद कार्यशाळेत, पिकासो फुलांपाशीच थांबला असता का? सांगता येत नाही. या चित्राच्या घडणीत फिल्मच्या उरलेल्या लांबीचाही वाटा आहे.

१९/
दुसरा मुद्दा काळाचा. माहितीपटातच एके ठिकाणी क्लूझो पिकासोला म्हणतो की, हे चित्र तुम्ही दहा मिनिटांत केले असे प्रेक्षकांना वाटेल. किती वेळ लागला, असे पिकासो विचारतो. उत्तर येते: पाच तास. दिग्दर्शकाने ही कबुली लपवली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. तरी ती एका वाक्यात येते आणि विरते. डोळ्यांना आठवतात ती दहा मिनिटेच.

२०/
हे घडते कारण माहितीपटाच्या उत्तरार्धात तंत्र बदलते. पिकासो तैलरंगांकडे वळतो. तैलरंग कॅनव्हासच्या मागे पाझरत नाहीत, त्यामुळे कॅमेरा समोर आणावा लागतो. थोडे रंगवायचे, बाजूला व्हायचे, ती अवस्था टिपायची, पुन्हा रंगवायचे. पडद्यावर रंग एकामागून एक उड्या घेत अवतरतात. दोन अवस्थांमधला वेळ, म्हणजे थांबणे, दूर जाऊन पाहणे, काहीच न करणे, हे सारे गळून पडते.

२१/
समीक्षक आंद्रे बाझाँ याने १९५६ मध्येच या माहितीपटावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. अधल्यामधल्या अवस्था या अंतिम चित्राकडे नेणाऱ्या पायऱ्या नव्हेत; त्या स्वतंत्र चित्रे आहेत, पुढच्या चित्रासाठी त्यांना बळी जावे लागते. चित्र अवकाशात असते असे आपण समजतो, या माहितीपटाने ते काळातही असते हे दाखवले. बाझाँने एक बारकावाही टिपला: चित्रे रंगीत, पण चित्रकाराचे भोवतालचे जग कृष्णधवल.

२२/
तो रंगांचा खेळ केवळ सौंदर्यासाठी नाही. स्टुडिओ, दिवे, तंत्रज्ञ, घाम हे सारे काळ्या-पांढऱ्यात. चित्र तेवढे रंगात. म्हणजे माहितीपट आपल्याला नकळत सुचवतो की खरे जग कॅनव्हासवर आहे, आणि त्याला शक्य करणारी माणसे व यंत्रे ही सावली आहे. बखरकार जसा नायकाच्या मुखावर तेज दाखवतो, तशीच ही युक्ती. ती ओळखता आली की माहितीपट अधिकच गोडी देतो.

२३/
पुढे पिकासो म्हणतो की, आतापर्यंत आपण वरवरचेच दाखवले. आता खोल उतरावे, धोका पत्करावा, एका चित्राखाली दडलेली चित्रे दाखवावीत. पडदाही रुंद होतो, सिनेमास्कोपचा विस्तार येतो. विषय आहे भूमध्य समुद्रकाठची गारूपची चौपाटी: स्नान करणारी माणसे, समुद्र, आकाश. आणि येथे माहितीपटातील सर्वांत मोलाचा भाग सुरू होतो, कारण येथे पिकासो फसतो.

२४/
आकृत्या येतात, जातात. एक कोपरा सुधारावा तर दुसरा बिघडतो. आकाशाचे रंग पुनःपुन्हा बदलतात. शेवटी पिकासो स्वतःच कबूल करतो की, काम वाईट चालले आहे, फारच वाईट. मग तो म्हणतो की, आता आपण कोठे निघालो आहोत ते कळले, तेव्हा नवा कॅनव्हास घेऊन पहिल्यापासून सुरू करतो. दुसरे चित्र झपाट्याने उभे राहते. पहिल्या चित्राची सारी झटापट त्या झपाट्याच्या पोटात असते.

२५/
मला या माहितीपटातले 'दप्तर' येथे सापडते. दिग्दर्शकाला विजयाची कथा सांगायची आहे, चित्रकाराला प्रतिमा जपायची आहे, तरीही ज्या गोष्टीने दोघांचीही शोभा होत नाही ती पडद्यावर आली आहे. साधनचिकित्सेचा एक जुना नियम असा की, लेखकाच्या हेतूविरुद्ध जाणारा तपशील अधिक विश्वसनीय असतो. अर्थात, पराभवानंतरचा विजय ही रहस्यपटाचीही आवडती रचना आहे, हे भान सुटू नये.

२६/
नीसच्या प्रयोगाच्या पाच वर्षे आधी अमेरिकेत असाच एक प्रयोग झाला होता, आणि त्याचा शेवट इतका सुखद नव्हता. १९५० च्या उन्हाळ्यात हान्स नामुथ हा जर्मनीत जन्मलेला छायाचित्रकार लाँग आयलंडवरील स्प्रिंग्ज या गावी जॅक्सन पोलॉककडे येऊ लागला. जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासभोवती फिरत, रंग ओतत आणि शिंपडत चित्र करणाऱ्या पोलॉकची त्याने शेकडो छायाचित्रे घेतली. पण त्याला चलच्चित्र हवे होते.

२७/
पोलॉकची कार्यशाळा म्हणजे घराशेजारचे धान्याचे कोठार. तेथे प्रकाश अपुरा, आणि दिव्यांसाठी पैसे नाहीत. म्हणून पोलॉकने अंगणात, उन्हात चित्र करायचे ठरले. नामुथला चित्रकाराचा चेहरा आणि चित्र एकाच वेळी हवे होते; म्हणून कॅनव्हासऐवजी काच आली. काच उंचावर आडवी ठेवली आणि नामुथ खाली उताणा झोपून टिपू लागला. पोलॉकने काचेवरचा पहिला प्रयत्न मध्येच पुसला, कारण त्याचे चित्राशी नाते तुटले होते.

२८/
२५ नोव्हेंबर १९५० रोजी, कडाक्याच्या थंडीत, शेवटचे चित्रीकरण आटोपले. घरात शिरताच पोलॉकने व्हिस्की ओतून घेतली. सुमारे दोन वर्षे त्याने मद्याला स्पर्श केला नव्हता. घरी जेवायला पाहुणे आले होते. त्या रात्री पोलॉक आणि नामुथ यांच्यात 'ढोंगी कोण' यावरून शब्दाला शब्द वाढला आणि पोलॉकने जेवणाचे टेबल ताटांसह उलथून दिले. ११ ऑगस्ट १९५६ रोजी, मद्यधुंद अवस्थेत गाडी चालवताना, तो अपघातात मरण पावला.

२९/
येथे घाई नको. 'कॅमेऱ्याने पोलॉकचा बळी घेतला' हे वाक्य आकर्षक आहे, पण इतिहासाचे नाही. त्याची व्यसनाशी झुंज नामुथ येण्याच्या कितीतरी आधीची होती. एकामागून एक घडलेल्या गोष्टी कारण-कार्याने बांधलेल्याच असतात असे नव्हे. एवढे मात्र निश्चित सांगता येते: काही आठवडे हा माणूस दुसऱ्याच्या सोयीने थांबत, पुन्हा सुरू करत आणि 'स्वतःसारखे' वागून दाखवत चित्र करत होता, आणि शेवटी भांडण पेटले ते ढोंग या शब्दावरच.

३०/
दहा-अकरा मिनिटांचा तो लघुपट १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये दाखवला गेला. नामुथच्या छायाचित्रांनी आणि या लघुपटाने पोलॉकची जगभरातील प्रतिमा ठरवली. चित्राइतकाच, किंबहुना अधिक, चित्र करणारा देह महत्त्वाचा झाला. १९५२ अखेर समीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्ग याने कॅनव्हासला आखाड्याची उपमा देणारा प्रसिद्ध लेख लिहिला, तेव्हा वाचकांच्या डोळ्यांपुढे ही दृश्ये आधीच होती. काचेवरचे ते चित्र आज ओटावा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

३१/
भारताकडे वळण्यास एक दुवा आहे, तो म्हणजे क्लोद रन्वार. पिकासोपूर्वी तो चुलते जाँ रन्वार यांच्या 'द रिव्हर' (१९५१) या चित्रपटासाठी बंगालमध्ये आला होता. त्या निमित्ताने जाँ रन्वार यांच्या सहवासात आलेला एक तरुण होता सत्यजित राय. राय यांनी १९७२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी 'द इनर आय' केला: शांतिनिकेतनमधील त्यांचे गुरू, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर.

३२/
बिनोदबिहारींची दृष्टी जन्मतःच अधू होती; १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. राय यांचा माहितीपट त्यांना टाइल्सचे भित्तिशिल्प साकारताना दाखवतो. बोटे चाचपतात, मापतात, ठरवतात. पूर्वी याच माणसाने हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे भव्य चित्र आधी खाका न काढता थेट रंगवले होते. क्लूझोने हात वगळून रेघ दाखवली. राय हातापाशीच थांबतात. आतल्या डोळ्याला काय दिसते ते आपल्यालाही दिसेल, असा दावा ते करत नाहीत.

३३/
आणखी एक वाट आपल्या मातीतल्या माणसाची. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केला. बर्लिन महोत्सवात त्याला लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. राजस्थानातील छत्री, कंदील, जोडा, भिंती, माणसे यांची दृश्ये, निवेदनाविना. कॅनव्हासवर चित्र घडण्याआधी चित्रकार जगाकडे कसा पाहतो, एवढेच त्यांनी दाखवले. निर्मितीप्रक्रियेचा हा भाग नीसच्या स्टुडिओत येऊच शकत नव्हता.

३४/
आता मूळ प्रश्न. दप्तर की बखर? माझे उत्तर: दोन्ही, पण वेगवेगळ्या थरांत. पुसल्या गेलेल्या अवस्था, रेघांचा क्रम, फसलेली चौपाटी हे दप्तर आहे. डोरा मारच्या छायाचित्रांप्रमाणे ते दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. फिल्म संपण्याची घालमेल, रंगीत चित्र आणि कृष्णधवल जग, पाच तासांची दहा मिनिटे ही बखर आहे. आणि हाताचा माग काढला की मन कळते, ही क्लूझोची प्रतिज्ञा मात्र सिद्ध होत नाही. हाताने काय केले ते कळते. का केले ते नाही.

३५/
असा कोणताही माहितीपट पाहताना चार प्रश्न हाताशी ठेवा. एक, कॅमेऱ्यासाठी चित्रकाराने आपली नेहमीची जागा, साहित्य किंवा वेळ बदलली का? दोन, पडद्यावरचा काळ आणि कामाचा काळ यांत अंतर किती? तीन, चौकटीबाहेर कोण आहे? चार, दिग्दर्शकाच्या कथेला न मानवणारे काय शिल्लक राहिले? चौथ्या प्रश्नाचे उत्तर सहसा सर्वांत उपयोगी ठरते.

३६/
हे प्रश्न केवळ जुन्या फिल्मपुरते नाहीत. आज आपल्या हातातल्या मोबाइलवर तासांचे काम अर्ध्या मिनिटात उरकणारी चित्रकलेची रील्स अखंड वाहत असतात. ती पाहून 'मला हे इतके सहज का जमत नाही' म्हणून कुंचला खाली ठेवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना नीसमधला ७३ वर्षांचा पिकासो दाखवावा: कॅमेरे रोखलेले, दिवे तापलेले, चित्र बिघडलेले, आणि तो नवा कॅनव्हास मागतो आहे.

३७/
ज्यांना माहितीपट पाहायचा आहे त्यांनी तो दोनदा पाहावा. पहिल्यांदा निखळ आनंदासाठी, काहीही न तपासता. दुसऱ्यांदा वही घेऊन, प्रत्येक कापणीपाशी थांबत. चित्रकारांवरचे मराठी किंवा अन्य भारतीय भाषांतील माहितीपट तुम्ही पाहिले असतील, तर खाली नावे जरूर लिहा आणि त्यांत 'दप्तर' कोठे सापडले तेही सांगा. धागा येथे संपला.